मानीबाईच्या गालावरचे तीन ठिपके

दारव्ह्याजवळच्या तांड्यातली मानीबाई बारा वर्षांपासून आमच्या शेतात निंदणाला, कापूस वेचायला बायका घेऊन येते. तिच्या डाव्या गालावर आईने लहानपणी गोंदवून घेतलेले तीन हिरवे ठिपके आहेत. उन्हाने गालांवर वांग आले आणि ठिपके त्याखाली दिसेनासे झाले.

तिच्या मुलाचं, सुनीलचं लग्न ठरलं तेव्हा म्हणाली, "व्याही म्हणन, हे विहीण कढईतून काढली का?" सगळ्या बायका हसल्या. मग हळूच मला म्हणाली, "मायनं काढलेले ठिपके तं फोटोत दिसले पाह्यजे ना, ताई."

माझ्या मुलीला, प्रेरणाला पाळीत फार रक्त जातं. ते कमी व्हावं म्हणून डॉक्टरांनी तिला ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या आहेत. माझ्या जावेला, उज्ज्वलाला, यवतमाळच्या त्वचेच्या डॉक्टरांनी वांगासाठी तीच गोळी दिली होती. दोन्ही पाकिटांवरचं नाव मी स्वतः ताडून पाहिलं. बी.एस्सी. आहे ना मी! प्रेरणाच्या उरलेल्या गोळ्या मानीबाईला दिल्या. संपल्यावर रिकामं पाकीट दाखवून तिने दुकानातून आणखी आणल्या.

प्रेरणाच्या वेळी डॉक्टरांनी आधी विचारलं होतं, "हिला किंवा घरात कोणाला रक्ताची गुठळी झाली होती का?" मी नाही म्हणाले होते. आणि सुनीलच्या वेळच्या बाळंतपणानंतर मानीबाईचा पाय गुठळीने मांडीपर्यंत सुजला होता, हे मी तिच्याच तोंडून कितीदा ऐकलं होतं. प्रश्न ठाऊक होता, उत्तरही ठाऊक होतं. तरी विचारलं नाही. कामाला येणाऱ्या बाईला असं काही विचारायचं असतं, हे माझ्या मनातच आलं नाही.

लग्नाला चार दिवस असताना तोच पाय पुन्हा सुजला. "नाचाची तयारी करून राह्यला तो," ती म्हणाली. मी तिला गाडीत घालून यवतमाळला नेलं.

"कुठल्या गोळ्या सुरू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

मानीबाईने माझ्याकडे पाहिलं. "मले? काहीच नाही."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. ते तिसऱ्या खाटेपाशी पोचले तेव्हा कुठे मी त्यांच्यामागे गेले आणि म्हणाले, "गोळ्या मी दिल्या."

ते माझ्यावर ओरडले ते सगळ्या वॉर्डाने ऐकलं. पायात पुन्हा गुठळीच होती; गोळ्या लगेच बंद झाल्या. पाय वाचला, जीव वाचला.

"काहून सांगतलं?" मानीबाई माझ्यावरच चिडली. "फुकट बोलणे खाल्ले."

लग्न तिच्याशिवाय लागलं. दुसऱ्या दिवशी सुनील नव्या नवरीला घेऊन दवाखान्यात आला. नवरीने वाकून सासूचा गाल पाहिला. "किती छान गोंदण!" वांग खरंच फिके झाले होते. मानीबाई केवढी खुलली. "ताईच्या गोळीनं," तिने सांगितलं.

आता ती शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसूनच बायकांना कामाला लावते. पायात घट्ट मोजा असतो.

आज दुपारी तांड्यातली जमनी दारात आली. "मानीबाईनं धाडलं. ते वांगाची गोळी द्या ना."

मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि आधी विचारलं, "पाय कधी सुजला होता का तुझा?"

"माहा नाही सुजला," ती म्हणाली. "पण आणखी चौघीजणी घेऊन राह्यल्या ते गोळी. मानीबाईचंच पाकीट दाखवलं दुकानात."

घरात सगळे झोपलेत. त्या चौघींची नावं मी जमनीकडून लिहून घेतली आहेत. सकाळी तांड्यात जाऊन एकेकीच्या दारात हाच प्रश्न विचारायचा आहे, आणि या गोळ्या पहिल्यांदा मीच दिल्या, तेही सांगायचं आहे.