प्रेमाताईंनी खरं सांगितलं

बोरीवलीच्या प्रेमा परब दोन वर्षांपूर्वी मेंदूज्वरातून वाचल्या, पण दोन्ही कान गेले. पन्नाशीच्या या बाईचं पोळीभाजी केंद्र होतं; दिवसभर गिऱ्हाइकांशी तोंड चालू. आता कोणी काही विचारलं की त्या नुसत्या हसायच्या. मग काउंटरवर येणंच सोडलं.

कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे कानात ऐकण्याचं यंत्र बसवायचं ऑपरेशन झालं. महिन्याने मशीन सुरू करायच्या दिवशी नवरा, विद्याधर, पेढे घेऊनच क्लिनिकमध्ये आला. "प्रेमा, ऐकू येतंय ना गं?" त्याने विचारलं. प्रेमाताईंच्या डोक्यात पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं काहीतरी कर्कश वाजलं. तीस वर्षांच्या ओळखीचा आवाज त्यांना त्यात सापडेना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून त्याही हसल्या. घरी येऊन मशीन काढलं आणि उशीत तोंड खुपसून रडल्या.

पुढे जेवण सुटलं, झोप उडाली. ऐकण्याचा सराव घेणाऱ्या गंधालीने एक दिवस शब्दांचा तक्ता बाजूला ठेवला आणि कागदावर लिहिलं, "ताई, जगावंसं वाटतं ना?" प्रेमाताईंनी नकारार्थी मान हलवली. त्याच आठवड्यात गंधाली त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेली.

औषधं लागू पडली, झोप परतली, तसा सरावालाही जीव आला. ओठ दिसू नयेत म्हणून विद्याधर तोंडापुढे वही धरून म्हणायचा, "भात." त्या म्हणायच्या, "हात." "वाट लागली!" म्हणत दोघं पुन्हा सुरू. रोज पाऊण तास, खाडा नाही. चौथ्या महिन्यात त्यांनी त्याला मध्येच थांबवलं. "अहो, सर्दी झालीय का? आवाज बसलाय तुमचा." विद्याधरने वही मिटून बाजूला ठेवली.

यंदा क्लिनिकमध्ये नव्या पेशंटांसाठी मेळावा भरला; जुन्यांनी आपला अनुभव सांगायचा होता. बोललेलं पडद्यावर अक्षरांत उमटत होतं. जो तो 'झकास, झकास' म्हणून खाली बसत होता. प्रेमाताई उभ्या राहिल्या.

"माझे पहिले तीन महिने भयंकर गेले. मनाच्या डॉक्टरची गोळी मी अजून घेते. कोणाला लाज वाटत असेल, तर माझ्याकडे बघा."

मागून काशीराम नावाचे म्हातारे गृहस्थ उठून आले. दीड महिना त्यांचं मशीन कपाटात पडून होतं. "बाये, माका वाटला, माझाच कायतरी चुकला," ते म्हणाले.

प्रेमाताई पुन्हा काउंटरवर बसतात. गर्दीत निम्मं कळत नाही. मग "परत सांगा" म्हणतात, बिनदिक्कत. बुधवारी मात्र केंद्र विद्याधरवर सोपवून त्या मुलुंडला काशीरामांचा सराव घ्यायला जातात. गेल्या बुधवारी काशीरामांनी वीसपैकी अकरा शब्द ओळखले आणि बाराव्यासाठी हुज्जत घातली.