सोनकांबळे साहेबांची शेवटची फाइल

आमच्या ऑफिसात फायली निकाली निघतात, किस्से मात्र निघत नाहीत. चहाच्या टेबलावर साचून साचून त्यांचा ढीग झालाय! मी नांदेडच्या या सरकारी ऑफिसात स्टेनो. फोन आणि इंटरनेटच्या तक्रारी आमच्याकडे येतात, आणि त्या ऐकायचे चाकूरचे सोनकांबळे साहेब. गेल्या महिन्यात ते रिटायर झाले. तेव्हापासून चहाला चव नाही, खरं सांगते. असा माणूस सरकारी खुर्चीत मी दुसरा पाहिला नाही.

*

अहमदपूरची एक मावशी. आयुष्यभर कापूस वेचून, खुरपून बोटं गुळगुळीत झालेली. नवीन सिम हवं होतं, पण मशीन अंगठाच घेईना. दुकानदार म्हणाला, नियम आहे. मावशी आमच्याकडे येऊन रडायलाच लागली. "मी न्हाईच म्हनतंय की हो ते मशीन!"

साहेबांनी दुकानदाराला फोन लावला. "अंगठा उमटत नसंल तर फोटो काढून, कागद बघून सिम द्यायचं, हे बी नियमातच हाय. मशीनला न्हाई दिसली मावशी, पण तुम्हाला तर दिसायली ना?"

नव्या सिमवरून मावशीने पहिला फोन साहेबांनाच केला. "मी हाय!" एवढंच बोलली आणि ठेवून दिला.

*

चाकूरजवळचं एक गाव टॉवर काढा म्हणून हटून बसलं. टॉवरच्या किरणांनी म्हशी आटतात, अशी अफवा! साहेब किरणं मोजायचं मीटर घेऊन गेले, सोबत मी. आकडे दाखवले, मर्यादा किती ते समजावलं. कोणी ऐकेना. मग त्यांनी गुमान डबा उघडला, जेवले आणि टॉवरखालीच सतरंजी टाकून आडवे झाले.

लोक गोंधळले. शेवटी एका म्हातारीने फर्मान काढलं, "झोपू द्या त्याला. उठला तर टावर राहू द्या!"

ते उठले, चांगले दोन तासांनी. तोवर माझाच जीव टांगणीला लागला होता.

*

दिल्लीहून एक मसुदा आला. खेड्यापाड्यांत इंटरनेट कसं पोहोचवावं, यावर मतं मागवली होती. फक्त ई-मेलने! साहेबांनी मला एकच ओळ टाइप करायला सांगितली: "ज्यांच्यापर्यंत इंटरनेट पोचलेलं नाही, त्यांनी ई-मेल कुठून करावा?"

मी म्हटलं, "साहेब, हे वाचतील का तिकडं?"

"पाठवा तर खरं."

मिनिटभरात उत्तर आलं. "आपला ई-मेल मिळाला. धन्यवाद." साहेब म्हणाले, "बघा, लई जलद काम हाय!"

*

आणि मग माहूरकडच्या डोंगरातल्या एका वाडीची फाइल. तक्रार सुनीताताईंची, त्या तिथल्या आशा कार्यकर्त्या. बाळंतपणाला गाडी बोलवायची तर अर्धा तास टेकडी चढून फोन लावावा लागायचा. एकदा त्या टेकडीवर असतानाच खाली बाई बाळंत झाली.

"ते लेकरू वाचलं, साहेब. पुढचं वाचंल का?" असं त्यांनी विचारलं.

मोबाइल कंपनीच्या नकाशात मात्र वाडी हिरवीगार. पूर्ण रेंज! साहेबांच्या नोकरीचे आठच दिवस उरले होते. तेवढ्यात निकाल लागला नाही तर नव्या साहेबांपुढे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

साहेबांनी सुनावणी लावली. कंपनीचे वकील मुंबईहून म्हणाले, "प्रवास जमणार नाही. ऑनलाइन हजर राहतो."

"राहा की," साहेब म्हणाले. "आम्ही वाडीतूनच जॉइन होतो. तुमच्या नकाशात रेंज हायच."

ठरल्या वेळी वाडीच्या शाळेत साहेब, सुनीताताई आणि मी. लॅपटॉपवर नुसतं चक्र फिरत होतं. दोन तास वाट पाहिली आणि साहेबांनी मला लिहायला सांगितलं, "कंपनी गैरहजर."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात वकिलांचा फोन. नुसता थयथयाट! "गैरहजर कसं लिहिता? दोन तास ऑनलाइन बसून होतो मी! तुमच्या त्या वाडीतच रेंज नव्हती!"

साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला.

"बरोबर हाय, वकीलसाहेब. एवढंच लिहून, सही करून पाठवा."