सुतकातली कच्ची चटणी

ही वही कुणी उघडलीच तर आधी माफी मागते. मी चौथीपर्यंतच शिकले. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही आणि अक्षर तर ओळ सोडून खाली घसरतं. पण ही गोष्ट तोंडानं सांगणं मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते.

बजाजनगरला पत्र्याच्या एका खोलीत आम्ही नवरा-बायको आणि सासूबाई राहायचो. मालक कंपनीत प्रेस मशीनवर होते, आणि मी शेजारच्या गल्लीतल्या मेसला रोज डबाभर मिरचीचा ठेचा करून द्यायचे. सामान मेसवाल्या बाईचं, मजुरी दिवसाला तीस रुपये. माघात मालकांना कावीळ झाली. दवाखान्यासाठी सोयगावच्या नणंदेनं चार हजार रुपये दिले. लेकीला नर्सिंगला घालायचं म्हणून तिनं ते बाजूला ठेवले होते. पैसे संपले आणि मालकही गेले.

तिसऱ्या दिवशी मेसवाली भेटायला आली. आधी रडली, मग हळूच म्हणाली, "दहा दिवस बंद ठेवलंस तर मला दुसरी बाई बघावी लागंल. मेसच्या पोरायला रोज ताटात चटणी लागती."

मी म्हणाले, "सुतकाच्या घरचं कुणाला खाऊ कसं घालू?"

"मला नाय सुतक. तू पोरायला सांगू नको म्हंजे झालं."

नाही म्हणायची मला सवयच नव्हती. आणि नणंद निघताना दारात म्हणाली होती, "वहिनी, आषाढापर्यंत पैशाचं जमंल ना गं? न्हाय तर पोरीचं साल जाईल." तिचा भाऊ गेला होता, तरी तिला हे विचारावं लागलं. त्या वेळी तिला माझ्या तोंडाकडं बघवलं नाही.

आमच्यात दहा दिवस घरात फोडणी पडत नाही, मिरची भाजत नाहीत. ठेच्याची मिरची तव्यावर पडली की सगळ्या गल्लीला ठसका लागतो. लपवणार कसं? म्हणून मी सगळं कच्चंच घ्यायचं ठरवलं. कच्चे हिरवे टमाटे, मिरच्या, लसूण, कोथिंबीर देठासकट, मीठ आणि वरून लिंबू. पाट्यावर जाडसर वाटायचं, पाणी घालायचं नाही. धूर नाही, वास दाराबाहेर जात नाही. आवाज येऊ नये म्हणून पाट्याखाली मालकांची पांघरायची वाकळ घडी करून घातली. पहाटे वाटायचे. सकाळी मेसवाली भेटायला आल्यासारखी यायची, घटकाभर बसायची आणि पदराखाली डबा घेऊन जायची.

वाटताना मिरचीचे हात डोळ्यांना लागायचे. दिवसभर डोळे लाल. बायका एकमेकींना सांगायच्या, "रडून रडून काय हाल केलेत बघा हिनं." मी खाली मान घालून ऐकायचे. खरं सांगते, त्या दहा दिवसांत मी रडलेच नव्हते.

पाचव्या दिवशी आत्याबाई, म्हणजे सासूबाई, लवकर जाग्या झाल्या. अंथरुणातूनच त्यांनी विचारलं, "कुणासाठी वाटायलीस?"

"मेससाठी."

त्या कोपरावर उठल्या. मग म्हणाल्या, "माझ्या लेकाचं सुतक बी इकायलीस व्हय?"

"सोयगावच्या ताईचे पैसे द्यायचेत, आत्याबाई."

माझा हात थांबला होता. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तेव्हा पाट्याखाली वाकळेची दुहेरी घडी घातलेली होती. आत्याबाई डोळे मिटून पडल्या होत्या. त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

सुतक फिटल्यावर मी मिरच्या भाजायला काढल्या, तर मेसवाली म्हणाली, "आता ते नको. पोरं कच्चीच मागायलीत." मग रोज तीच. मेसवर चपात्याही लाटायला लागले, त्यावर घर चाललं. चटणीच्या तीस रुपयांना मात्र हात लावला नाही. मेसची पोरं दारावरून जाताना "मावशी, आजची भारी होती" म्हणायची. मला त्यांच्याकडं बघवायचं नाही. आजही कोथिंबिरीची जुडी सोडली की मला ते दहा दिवस आठवतात.

आषाढात नणंद आली. मी तिला भाकरी वाढली. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून तीच चटणी वाढली. तिनं दोनदा मागून घेतली.

"लई झाक झाली गं. कधी शिकलीस?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या सांगतील असं वाटलं. पण त्या लेकीला एवढंच म्हणाल्या, "खा तू. इचारू नको."

जेवण झाल्यावर मी डब्यातून नोटा काढून तिच्यापुढं ठेवल्या. तिनं हात पुसले, थुंकी लावून एकेक नोट मोजली आणि पिशवीत ठेवली. चार हजार पुरे होते.