एकाच जागेवर दोन आकार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही — बहुतेक तेवढंच कारण.

आमचं गाव आसगावच्या पुढे. तिथून रोज एसटीनं भंडाऱ्याला जाऊन मी संगणकावर नकाशे करायला शिकत होते. जीआयएस म्हणतात त्याला. शेत, तळं, रस्ता, ज्याचा त्याचा आकार काढायचा, त्याची माहिती तक्त्यात भरायची आणि दोघांना एका नंबरानं बांधून ठेवायचं. मला ते फार आवडायचं. गर्वही होता, खोटं कायले बोलू? वर्गात सगळ्यात साफ काम माझं.

शेवटच्या प्रोजेक्टला मी आपलंच गाव घेतलं. आमच्या घरामागे गोपाळकाका आणि नामदेवकाका या दोघा भावांची सामाईक बोडी — म्हणजे धानाला पाणी देणारं लहानसं तळं. उन्हाळ्यात बोडी आटली की तिच्या तळात मूग पेरायचे. एक साल थोरल्याची पाळी, एक साल धाकट्याची. त्या साली पाळी नामदेवकाकांची होती. मी नकाशात बोडी काढली, आणि तिच्यावरच मुगाचं शेत काढलं, कसणारा नामदेव.

संगणकानं लाल खूण दाखवली. एकाच जागेवर दोन आकार चालत नाहीत, असा नियम. उपाय नव्हता का? होता. सरांनी शिकवलाही होता — आकार एकच ठेवायचा, तक्त्यात पावसाळ्याची आणि उन्हाळ्याची नोंद वेगळी करायची. तासाभराचं काम. पण माझी चारची एसटी होती, सगळ्या गावात तेवढी एकच चूक उरली होती, आणि मला चुका शून्य हव्या होत्या. मी बोडी मिटवली. हो, ठाऊक असून. त्याच बोडीत मी पोहायला शिकले होते.

नकाशा चांगला झाला म्हणून ग्रामपंचायतीनं मागून घेतला. गाळ काढायच्या तलाव-बोड्यांची यादी त्याच्यावरूनच निघाली. त्या यादीत बोडी नव्हती. नकाशात तिच्या जागी नामदेवकाकांचं शेत होतं.

गोपाळकाका घरी आले. "पोरी, आमची बोडी काहून नाही वो यादीत? नामदेवनं सांगतलं का तुले काही?"

खरं उत्तर एका वाक्याचं होतं. मी म्हणाले, "मले काय माहीत काका, जी माहिती भेटली तीच टाकली."

समजलं ना, मी काय केलं ते? नामदेवकाकांचं नाव मी घेतलं नाही — घ्यायची गरजच कुठे होती? भावानं बोडी गिळली, हे काकांनी आमच्या ओट्यावर बसूनच ठरवलं, आणि मी चहा ठेवायला आत गेले.

दोघांचं बोलणं बंद झालं. पाळी मोडली, बोडी गाळानं भरत गेली. नामदेवकाका पोरांच्या शपथा घेत फिरले. गाव म्हणायचं, आगीबिगर धूर निघते का? मी ऐकत होते. माझ्याकडे बोडी असलेली जुनी प्रत होती. काही मिटवण्याआधी प्रत ठेवायची, ही शिस्त मी कधी मोडली नाही. ती दाखवायला पाच मिनिटं लागली असती. सात वर्षं मला ती पाच मिनिटं मिळाली नाहीत. लोक मला हुशार म्हणायचे ना — ते गमवायची भीती. बाकी काही नाही.

मागच्या दिवाळीनंतर नामदेवकाका गेले. गोपाळकाका सख्ख्या भावाच्या मातीला आले नाहीत. तेरवीच्या दिवशी मी माहेरी होते. बाजूला नामदेवकाकांकडे पंगत बसलेली, आणि गोपाळकाका आमच्या ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "मरतानी तरी कबूल करन, असं वाटलं होतं मले. एकदा हो म्हणला असता, तर माफ केलं असतं वो मी त्याले."

मी हातभर अंतरावर उभी होते. मी त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन ते उठले आणि भावाचं दार टाळून मागच्या वाटेनं घरी गेले.

कबूल करायचं होतं ते मला. काका अजून आहेत, आणि मी अजून केलेलं नाही.