दोन तासांत वाचलेली माती

हे मी कित्येक वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. ज्या चाचणीत चोवीस तास थांबायचं असतं, तिथं मी दोनच तास थांबलो आणि कागदावर चोवीस लिहिले.

भूकंपानंतरचं दुसरं वर्ष. मी नांदेडला कॉलेजात भूशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायचो. थोरल्या बहिणीचं, अक्काचं, औशाजवळच्या गावातलं दगडमातीचं घर पडलं होतं, माणसं वाचली. नव्या घराचा पाया खणताना काळ्या मातीखाली पिवळट, चुनखडीचे खडे असलेला थर लागला. हा मुरूम समजून थांबायचं, की अजून खाली जायचं? "घरात मास्तर असताना दुसऱ्याला कशाला इचारायचं," म्हणत दाजी कापडी पिशवीत माती घेऊन नांदेडला आले.

चाचणी साधी. सारखीच माती दोन नळ्यांत घालायची, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातली किती वर चढते ते दुसऱ्या दिवशी बघायचं. पण लातूरच्या एका क्लासनं मला पहिल्यांदाच शिकवायला बोलावलं होतं, आणि दुपारची एसटी गाठायची होती. निघताना पाहिलं, फरक थोडाच होता. लिहून दिलं: फुगत नाही, साधा पाया चालेल.

तिसऱ्या दिवशी परतलो तर पाण्यातली माती रॉकेलातल्या मातीच्या दुप्पट चढलेली. तोवर पाया भरला नव्हता. एक फोन पुरला असता. मी नळ्या धुऊन ठेवल्या.

पुढं लातुरातच स्थायिक झालो आणि वर्षानुवर्षं सिलिकेटं शिकवली. मुलांना सूत्र हवं असायचं, मी फळ्यावर थर काढत बसायचो. सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन. असे चतुष्फलक तीन-तीन कोपरे वाटून घेत पसरले की सिलिकाचा पातळ थर होतो. त्याला अ‍ॅल्युमिनियमचा थर चिकटतो. चिनी मातीत एकास एक असे थर, त्यांच्या जोड्या एकमेकींना घट्ट धरून. मधे पाणी शिरत नाही. अभ्रकात सिलिकाच्या दोन थरांमधे अ‍ॅल्युमिनियमचा एक, आणि अशा दोन गठ्ठ्यांच्या फटीत पोटॅशियम पक्कं बसलेलं. आपल्या काळ्या रानातही तीच रचना, पण फटीत सोडियम, कॅल्शियम सैल. पाणी घुसतं, गठ्ठे दूर सरकतात. उन्हाळ्यात पुन्हा जवळ येतात.

"सर, हे परीक्षेला येतं का?"

"न्हाई येत. लिहून घ्या."

अक्काच्या घराला तिसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेला. अधूनमधून अजून धक्के बसायचे, तिला तो भूकंपाचाच वाटला. आमच्याकडं तेव्हा भांडं पडलं तरी माणसं बाहेर पळायची. तिनं अंगणात पत्र्याचं शेड मारून चूल आणि खाट तिथं नेली. घरात राहिले फक्त देव आणि धान्य. तडा पावसाळ्यात मिटायचा, उन्हाळ्यात उघडायचा. तो कशाचा, हे मला ठाऊक होतं. दाजी गेले, तरी मी बोललो नाही.

यंदा वैशाखात पत्र्याखाली भाकरी थापताना तिला भोवळ आली. मग मी ओळखीच्या इंजिनिअरला घर दाखवलं. तो म्हणाला, स्लॅब धड आहे, बीम-कॉलम सरळ आहेत, घर पडायचं नाही; पायाभोवती पाणी मुरू देऊ नका.

तो गेल्यावर अक्कासमोर बसलो.

"अक्का, तो तडा भूकंपाचा न्हाई. माझा हाय."

"तू काय कुदळ घेऊन आलतास का?"

सगळं सांगितलं. नळ्या, एसटी, धुतलेली माती. थरांचंही सांगायला लागलो.

"माती फुगती हे मला सांगतूस? उन्हाळ्यात रानातल्या भेगंत पाय जातो माझा! त्येला बीएस्सी कशाला लागतीय?" मग तिनं भिंतीकडं बोट केलं. "म्हंजी हे घर पडायचं न्हाई?"

"न्हाई."

"आन् म्या येडी इतकी वर्सं पत्र्याखाली भाजून निघाले." ती रडेल असं वाटलं. ती उठली. "बसलास काय, मास्तर? उचल ती शेगडी."

मी शेगडी उचलली, तिनं परात. स्वयंपाकघरात जाळं झालं होतं, ते तिनं पदरानंच काढलं. दुपारचा चहा आम्ही भिंतीला टेकून घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्या घरात नीट श्वास घेता आला.

पायाभोवतीची काळी माती काढून तिथं मुरूम भरायचा आहे, पाणी लांब न्यायचं आहे. आणि अक्काची माफी मी अजून तोंडानं मागितलेली नाही. एवढं माझ्याकडून राहिलं आहे.