रंग न दिलेली साडी

मंजुश्री गोलाईच्या बाजारात शिरली की कापडवाले एकमेकांकडे बघत. लातूरच्या शिकवणीत जीवशास्त्र शिकवणारी ही बाई साडीचा काठ-पदर आधी बघायचीच नाही. कापसावर फवारे किती मारले, रंगाचं पाणी कुठल्या नदीत सोडलं, हेच विचारत बसायची. एकानं वैतागून विचारलंच, मॅडम, साडी नेसायची आहे का पेरायची? तरी हिच्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. असल्या माणसाचं कपाट रिकामंच राहतं.

सहा महिने फोनवर शोधून अखेर तिनं एक साडी मागवली. सेंद्रिय कापसाची, हातमागावरची, आणि रंगाचा घोळच नको म्हणून रंगच न दिलेली. पार्सल उघडलं आणि तिला गड जिंकल्यासारखं झालं. सासूबाई गुरम्मा मात्र दोन पावलं मागं सरकल्या. साडी काठापदरासकट पांढरी होती.

"माझं लेकरू रोज गाडीवर असतंय," त्या म्हणाल्या. "नेसू नको, मंजू."

लेकरू म्हणजे मंजुश्रीचा नवरा शिवप्रसाद. डाळमिलचे नमुने घेऊन तो मोटारसायकलवर गावोगाव फिरायचा. कापूस मुळात पांढराच उगवतो, इथपासून मंजुश्रीनं सासूला समजावलं. समजावून भागेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी, तो नांदेडला निघाल्यावर, हट्टानं तीच साडी नेसून शिकवणीला गेली.

अकराला त्याचा फोन लागेना. बाराला लागेना. फळ्यावर पेशी काढताना केंद्रक पेशीच्या बाहेर गेलं आणि पोरी हसल्या. ही सगळी अंधश्रद्धा आहे असं ती स्वतःला बजावत होती आणि बजावता बजावता पुन्हा नंबर लावत होती. नांदेडच्या वाटेवर लोह्याच्या पुढं रस्त्याचं काम चालू आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. बाकीचं नको नको ते मनानं रचलं. मन चिंती ते वैरी न चिंती. तास अर्ध्यावर टाकून ती घरी आली, तडक स्वयंपाकघरात गेली, हळदीच्या डब्यात बोट बुडवून पदराच्या टोकाला ओढलं. एका बोटानं समाधान होईना, मग पाचही ओढली.

तेवढ्यात फोन वाजला. शिवप्रसादचा फोन खिशातून पडून फुटला होता. एका दुकानदाराच्या फोनवरून तो बोलत होता, मजेत होता, जेवूनही झालं होतं.

फोन ठेवून मंजुश्री तिथंच खाली बसली. वळून बघते तर दारात गुरम्मा. आता यांना जन्मभराचं बोलायला मिळालं, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरम्मा शेजारी येऊन टेकल्या. पिवळं झालेलं टोक हातात घेऊन बघत राहिल्या.

"रंगानं माणूस राहत असता तर तुझे सासरे राहिले असते," त्या म्हणाल्या. "ते होते तवर मी हिरवं न् लालच नेसले."

"मग मला का अडवलंत, आत्याबाई?"

"भ्या वाटतंय गं. तुला न्हाई वाटलं?"

मंजुश्रीला नाही म्हणता येईना.