थवा उठला तेव्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मला चहात साखर किती घातली तेसुद्धा सांगावं लागतं. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही सुधीरला ओळखत नाही, म्हणून असेल.

सुधीर माझा मित्र. अख्खी नोकरी आम्ही हडपसरच्या एकाच कंपनीत काढली, डबाही एकाच टेबलावर खाल्ला. पक्ष्यांचा नाद त्याने मला लावला. पुढे मी कॅमेरा घेतला, मग मोठी लेन्स घेतली, आणि तो नाद वेगळाच झाला. सुधीर मात्र गळ्यात जुनी दुर्बीण अडकवून नुसता बघत बसायचा. मी खटाखट बटण दाबत असलो की म्हणायचा, "डोळे भाड्याने दिलेस का रे? जरा स्वतः बघ की." आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपमध्ये सगळे हसायचे. याचा डोळा एकदा कॅमेऱ्याला लागला की शेजारी बॉम्ब फुटला तरी याला कळणार नाही — अशी माझी ख्याती. ही ख्याती लक्षात ठेवा. पुढे मी तिच्याच आड लपलो.

त्या दिवशी आम्ही दोघंच कोकणात गेलो होतो. हिवाळ्यात तिथे किनाऱ्यावर चिखल्या येतात — मुठीएवढे, आखूड चोचीचे पक्षी, थव्याने ओल्या वाळूवर बसतात. पहाटे मी त्याला न्यायला नारायण पेठेत गेलो, तेव्हा वहिनी खाली गाडीपर्यंत आल्या. थालीपिठांचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "भावजी, लक्ष ठेवा हं. दम लागला तरी सांगायचे नाहीत हे." आदल्या वर्षी त्याला स्टेंट बसवला होता. मी म्हटलं, काळजी करू नका, मी आहे ना.

मी आहे ना! हे शब्द माझेच.

दिवस छान गेला. खरंच छान गेला, ते नाकारून काय उपयोग? सुधीरने मला एक लंगडणारा चिखल्या दाखवला, एका पायावर टुणटुणत सगळ्यांच्या बरोबरीने खात होता. मी फोटो काढला नाही, कारण लंगडा पक्षी प्रदर्शनात कोण बघणार? आमच्या ग्रुपचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं, आणि मला दारातून शिरल्या शिरल्या दिसणारी समोरची भिंत हवी होती. त्यासाठी उडता थवा हवा होता. थवा तर निवांत बसलेला.

आम्हा फोटोवाल्यांची एक रीत आहे, फारशी बोलून न दाखवण्यासारखी. एकाने कॅमेरा लावून बसायचं, दुसऱ्याने लांबून वळसा घालून थव्याच्या मागून चालत यायचं. पक्षी उठतात, फोटो होतो. सुधीरला याची मनापासून चीड होती. "दमून आलेत कुठून कुठून, बसू दे की त्यांना. तुझं काय घेतलंय?" मी वाद घातला नाही. मी रुसलो. पन्नाशी उलटलेला माणूस — लहान मुलासारखा तोंड फिरवून बसलो, कारण त्याला माझा रुसवा सहन होत नाही हे मला ठाऊक होतं. शेवटी तो उठला. "जातो बाबा. तोंड पाडू नकोस." पोचलो की टोपी हलवतो म्हणाला. दुर्बीण माझ्याजवळ ठेवून गेला.

ओहोटी होती. त्या बाजूची वाळू भुसभुशीत, पाय पोटरीपर्यंत रुतत होते. मला ते दिसत होतं — कारण तो कुठवर पोचला हे बघायला लेन्स त्याच्यावरच लावली होती. आता नीट ऐका. मी काही पाहिलंच नाही असं जे मी सगळ्यांना सांगत आलोय, ते खोटं आहे. मी त्याला जितकं स्पष्ट पाहिलं तितकं त्या किनाऱ्यावर कुणीच पाहू शकलं नसतं. तो थांबला. एक हात छातीवर गेला. मग तो मटकन खाली बसला आणि त्याने दुसरा हात वर केला.

टोपी डोक्यावरच होती. तेव्हा ती खूण होती असं मला वाटलं, हेही म्हणायची सोय नाही. म्हणून पाहिलंय मी — मनातल्या मनात, पुष्कळदा. नाही जमत.

त्याच्या त्या हातामुळे थवा उठला.

आणि मी झूम मागे घेतला, सगळा थवा चौकटीत बसवला आणि बटण दाबलं. दाबतच राहिलो. थवा पाण्यावर गेला, वळला, वळताना सगळ्यांची पांढरी पोटं एकदम उन्हात चमकली, परत आला, पुन्हा वळला. मी काय विचार करत होतो? दम लागला असेल, बसेल जरा — असं काही? खरं सांगू, मी विचार करत होतो की ऊन अजून थोडं टिकू दे. मग पडद्यावर फोटो नीट आलाय का ते तपासलं. मग मान वर केली. तो आडवा झाला होता.

पुढचं सांगण्यात अर्थ नाही. कोळ्यांनी धावत येऊन उचललं, कुणाच्या तरी टेम्पोतून नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून होतंय? मी म्हटलं, आत्ताच. वहिनींना म्हटलं, मी पाहिलंच नाही हो, डोळा कॅमेऱ्याला होता. आणि त्या काय म्हणाल्या? "तुमचा काय दोष, भावजी. तुम्हाला काही भान नसतं तेव्हा, हे म्हणायचेच."

पहिल्या फोटोत तो होता. उजव्या कडेला, पक्ष्यांच्या मागे, लहानसा, हात वर केलेला. घरी बिबवेवाडीला आल्यावर, त्याचे दिवस व्हायच्या आत, मी ती कड कापली. फोटो कापल्यावर जास्त चांगला दिसायला लागला — हेही माझ्या लक्षात आलं, बघा. मूळ फोटो पुसून टाकला. सुधीरचा जिवंतपणीचा शेवटचा फोटो माझ्याकडे होता, आणि तो मी पुसला. आता तो फक्त मला दिसतो.

प्रदर्शनात समोरची भिंत मिळाली. ग्रुपने फोटो सुधीरला अर्पण केला. लोक माझा हात हातात घेऊन उभे राहायचे. प्रदर्शन संपल्यावर वहिनींनी तो फोटो मागितला. ह्यांनी शेवटी बघितलेले पक्षी आहेत, म्हणाल्या. नाही कसं म्हणणार? मीच नेऊन दिला, हॉलमध्ये खिळा ठोकून मीच टांगला. लांब उभ्या राहून त्या बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "भावजी, यात हे कुठे उभे होते हो?"

मी चौकटीच्या उजवीकडे, रिकाम्या भिंतीवर बोट ठेवलं. इथे, म्हटलं. इथे उभा होता.

पुढच्या वेळी गेलो तर बरोबर त्या जागी त्यांनी सुधीरचा फोटो लावला होता. चंदनाचा हार घातलेला, हसरा. वहिनी येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगतात — हे पक्षी, आणि हे इथे उभे. माझ्यादेखतही सांगतात. मी चहा पितो आणि मान डोलावतो.

तो उभा नव्हता. तो बसला होता, त्याचा हात वर होता, आणि तो माझ्याकडे बघत होता.